काशीस उतरावे कोठे?

काशीतील ब्रह्माघाटाच्या आळीत आमचे बिऱ्हाड आहे. काशीत ज्या मराठी माणसाचे घर असते त्याला महाराष्ट्रातून एक प्रश्न हटकून विचारला जातो. पूर्वी पत्रातून विचारला जाई, आता दूरध्वनीवरून. ''आम्ही सहकुटुंब येत आहो. उतरण्यास एखादी चांगली जागा सुचवाल का?'' प्रश्न साधा दिसतो. पण त्यातील 'चांगली' या विशेषणाने मला एकदा असे काही फसविले आहे की, तेव्हापासून मी या प्रश्नास एकदम उत्तर देत नाही.

पूर्वीच्या यात्रेकरूला निवड करण्याचे कारणच नव्हते. तो थेट आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या दारी जाई. उपाध्याय वही उघडून त्याला त्याच्या पणजोबांचे नाव दाखवी आणि मग माडीवरची एक खोली त्याच्या स्वाधीन करी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात पेशवाईपासून मराठी वस्ती आहे. अहल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे देऊळ नव्याने उभारले. त्यांच्या नावाचा घाट आहे, तसेच शिंद्यांचा व नागपूरकर भोसल्यांचाही आहे. त्यामुळे आपला माणूस येथे परका नव्हता. आज उपाध्यायांच्या माड्या आहेत, धर्मशाळा आहेत, मठ आहेत आणि लहानमोठी हॉटेले तर गल्लोगल्ली आहेत. निवड वाढली आणि तिच्याबरोबर चूक करण्याची सोयही वाढली.

माझी चूक अशी झाली. सांगलीकडची आमची आत्या, तिचा मुलगा, सून, नातवंडे अशी सात माणसे स्वतःच्या मोटारीने यावयाची होती. मी मोठ्या उत्साहाने पंचगंगेजवळ एक माडी ठरविली. खिडकी उघडली की समोर गंगेचे विशाल पात्र, सूर्योदय अंथरुणातून दिसावा! मोटार मैदागिनपाशीच सोडावी लागली. तेथून गल्ल्या, त्या गल्ल्यांत सांड, सांडाला चुकवावे तर मागून दुचाकी. शेवटी घराचा अरुंद, काळोखा जिना. आत्या वर पोहोचली, भिंतीला टेकून बसली आणि तीन दिवस खाली उतरली नाही. तिचे गुडघे गेलेले होते आणि ते मला ठाऊक होते. धाकट्या नातवाला खिडकीचे वेड लागले. खिडकीला गज नव्हते, म्हणून रात्री आळीपाळीने कोणीतरी जागे. आत्या काही बोलली नाही. आमचे काका हयात असताना दोघांनी मिळून गंगास्नानाचा संकल्प केला होता. तो एकटीने पुरा करावा म्हणून ती आली होती आणि मी तिला गंगा खिडकीतून दाखवीत होतो.

चौथ्या दिवशी आम्ही ते बिऱ्हाड हलवून अस्सीच्या बाजूस नेले. जागा तळमजल्यावरची, रस्त्यालगतची. खिडकीतून दिसे ती समोरच्या दुकानाची फळी. पण रिक्षा दारापर्यंत येई आणि आत्या रोज स्नानास जाई.

तेव्हापासून मी काशीतील अंतर मैलांत मोजण्याचे सोडून दिले आहे. येथील अंतर पायऱ्यांत मोजावे. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत चौऱ्याऐंशी घाट. सारे मिळून सहासात किलोमीटर. नकाशावर कोणतीही जागा नदीपासून दूर नाही. परंतु वाहन थांबते तेथून दार, दारापासून अंथरूण आणि अंथरुणापासून पाणी, या तीन टप्प्यांत पायऱ्या किती, हे नकाशा सांगत नाही. ते जागेच्या मालकास विचारावे. ''थोड्याशाच आहेत'' असे उत्तर आले तर पुन्हा विचारावे. चालणे अगदीच अशक्य असेल, तर राजघाटाजवळच्या नमो घाटाशी मोटार पाण्याच्या पुष्कळ जवळ जाते. तो घाट नवा आहे, त्याला जुन्या घाटांची कळा नाही, हे खरे. पण गंगा तीच आहे.

आणखीही काही विचारावे. गच्चीला जाळी आहे का? कारण काशीची माकडे वाळत घातलेले धोतर आणि मुलाच्या हातातील केळे यांत भेद करीत नाहीत. स्वयंपाकास परवानगी आहे का आणि असल्यास कांदालसूण चालतो का? रात्री दार कितीला बंद होते? हिवाळ्यात धुक्यामुळे गाड्या तासन् तास उशिरा येतात आणि मध्यरात्री लेकरे कडेवर घेऊन धर्मशाळेचे दार ठोठावीत उभे राहण्याचा प्रसंग येतो. मणिकर्णिकेच्या शेजारची जागा घेण्यापूर्वी मुलांचा विचार करावा. तेथे चिता अहोरात्र जळतात. काही मुले ते शांतपणे पाहतात, काहींची झोप उडते. आपले मूल कोणत्या जातीचे, हे आईबापांनाच ठाऊक.

मोटारीने येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. महाराष्ट्रातील यात्रा कंपन्या आपला आचारी, शेगड्या, डाळ-तांदूळ बरोबर घेऊन हिंडतात. अलीकडे काही कुटुंबे वाहनातच बिछाना आणि चूल मांडून निघतात. त्यांनी शहरात शिरण्याचा हट्ट धरू नये. सारनाथ दहाएक किलोमीटरवर आहे. त्या बाजूस कुंपणाचे आवार, रात्री दिवा असलेले शौचकूप आणि राखणदार मिळत असेल तर मुक्काम तेथे ठेवावा व सकाळी रिक्षाने नदीवर यावे. रस्त्याच्या कडेला वाहन लावून बायकामुलांना निजविणे मात्र कोणी करू नये.

काहीजण मला पलीकडच्या वाळूतील तंबूंविषयी विचारतात. १३ जानेवारी २०२३ रोजी घाटांसमोरच्या वाळवंटात तंबूंचे नगर सुरू झाले होते. कल्पना मोहक होती: पुढे वाळू, पाणी आणि पाण्यापलीकडे सगळी काशी. परंतु ती जागा साधी नव्हती. रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ पासून कासवांचे अभयारण्य होता. अर्धवट जळालेल्या प्रेतांचे अवशेष कासवांनी खाऊन नदी स्वच्छ राखावी, म्हणून सारनाथला कासवे वाढवून येथे सोडली जात. २०२० साली अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला आणि तीन वर्षांत तेथे तंबू आले. तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि तो उपक्रम पुढे चालला नाही. मला व्यक्तिशः त्याची खंत नाही. जुनी चित्रे दाखवून कोणी तंबूचे भाडे आगाऊ मागू लागल्यास सावध असावे, इतकेच.

राहता राहिला ऋतू. श्रावण-भाद्रपदात नदीकाठची जागा घेऊ नये. येथे धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरवर गेले होते. इतके नाही आले तरी एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट बुडते, नावा बंद होतात आणि ज्या दर्शनासाठी दुप्पट भाडे दिले ते घाटच दिसेनासे होतात. कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळीस, भाडी आकाशास भिडतात. माघ-फाल्गुन मला सर्वांत मानवतो. शिवरात्रीचे दिवस तेवढे वगळावे.

परवाच नाशिकहून एका गृहस्थाचा दूरध्वनी आला. तोच प्रश्न, तेच विशेषण. मी विचारले, ''तुमच्यात सर्वांत हळू कोण चालते?'' ते घटकाभर थांबले व म्हणाले, ''आई.'' मी म्हटले, ''मग त्यांनाच द्या.'' आजीबाईंचा आवाज खणखणीत होता. पायऱ्या, पाणी, माकडे, सारे त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ''पहाटे चारला दाराची कडी कोण काढून देतो? मला उजाडण्याच्या आत स्नान करायचे आहे.'' हा प्रश्न मी आजवर एकाही मालकास विचारलेला नव्हता. उद्या विचारून सांगतो, असे मी त्यांना म्हटले.