मोतीबिंदू: मोने यांचा आणि आजचा

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना 1912 मध्ये कळले, की आपल्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रियेच्या धास्तीने त्यांनी ती दहा वर्षे लांबवली. अखेर मित्र जॉर्ज क्लेमांसो यांच्या आग्रहामुळे 1923 मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी आणि दिवसचे दिवस उताणे पडून राहणे. मोने मुळात तापट. ते पट्ट्या ओढून काढू पाहत. पुढे जाड भिंगांचा चष्मा लागला, आणि रंग कधी फार पिवळे, कधी फार निळे दिसू लागले.

डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची सोय तेव्हा नव्हतीच. ती 1949 मध्ये लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी केली.

आता दोन-तीन मिलिमीटरची चीर पुरते. ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेतात, घडीचे भिंग आत सरकवतात आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. टेबलावर असताना प्रखर उजेड आणि हलते रंग दिसल्याचे अनेक जण सांगतात. नंतर काही दिवस डोळा खुपतो, थेंब काही आठवडे घालावे लागतात. मग पांढरा सदरा खरोखर पांढरा दिसतो. आरशातल्या सुरकुत्याही दिसतात, त्याला इलाज नाही!

‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते. आणि श्रोतेहो, शस्त्रक्रियेनंतर वेदना किंवा लाली वाढली, नजर अंधुक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.