गरी, दोरी आणि चोणाक

(खाडीकाठच्या ग्रामस्थांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोमंतकीय माणसाला मासळीविषयी काही सांगावयाचे, म्हणजे सुताराला करवत कशी धरावी हे सांगण्यासारखे आहे. तरीही आज हा विषय घेतला, त्याला कारण आहे. अलीकडे मांडवी, झुआरी, शापोरा, साळ ह्या नद्यांच्या काठी, पुलांखाली आणि खाजनांच्या बांधांवर काठी व चकरी घेऊन उभे राहिलेले तरुण दिसू लागले आहेत. त्यांच्या पेटीत जिवंत सुंगटांऐवजी रंगीत बनावट मासे असतात. जुनी गरवणारी मंडळी त्यांना हसतात, आणि तरुण जुन्यांना मागासलेले समजतात. वस्तुतः दोघांजवळही अर्धे अर्धे ज्ञान आहे. ते एकत्र आले नाही, तर तरुणांचे पैसे पाण्यात जातील आणि तुटलेली दोरी तोंडात घेऊन फिरणारा मासा हकनाक मरेल.

ज्या माशासाठी हा सारा खटाटोप चालतो, तो म्हणजे आपला चोणाक. रायगडकडे त्याला जिताडा म्हणतात, बंगालमध्ये भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इंग्रजीत ह्यालाच आशियाई सागरी बास असे नाव आहे. अमेरिकेत ज्याला बास म्हणतात तो गोड्या पाण्यातील मासा सर्वस्वी वेगळा. हा भेद प्रथमच ध्यानी घ्यावा, कारण बाजारात मिळणारी पुष्कळशी बनावट आमिषे त्या अमेरिकन माशासाठी घडविलेली असतात. त्यांचे गळ बारीक, कड्या नाजूक. आपल्या खाऱ्या पाण्यात ते लवकर गंजतात आणि मोठ्या चोणाकाच्या ओढीने सरळ होतात.

चोणाक हा पाठलाग करणारा मासा नव्हे, तो दबा धरून बसणारा आहे. ओहोटी लागली, की खाजनातील पाणी मानशीच्या दारांतून बाहेर पडते आणि त्याबरोबर सुंगटे व लहान शेवटे वाहत येतात. चोणाक प्रवाहात उभा राहत नाही. बाजूला, जेथे पाणी भोवऱ्यासारखे संथ फिरते, तेथे तो वाट पाहतो. ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बनावट आमिष निवडण्याचा पहिला नियम तिच्यातूनच निघतो : आमिष दुकानातील झगमगाट पाहून घेऊ नये, पाणी पाहून घ्यावे.

मानशीच्या तोंडाशी शिशाच्या डोक्याच्या गळावर ओवलेले मऊ रबरी सुंगट किंवा मासा चालतो. शिसे इतकेच असावे, की आमिष वाहत जाता जाता अधूनमधून तळाला टेकेल. खारफुटीच्या मुळांशी व दगडी बांधालगत आखूड जिभेचे तरंगते आमिष वापरावे. जीभ म्हणजे आमिषाच्या तोंडाशी बसविलेली पारदर्शक पट्टी. ती आखूड आणि उभी असेल तर आमिष उथळ चालते, लांब व अंगाच्या रेषेत असेल तर खोल जाते. म्हणून पुलाच्या खांबांजवळच्या खोल पाण्यात लांब जिभेचे आमिष योग्य. पहाटे पाणी संथ असताना पृष्ठभागावर बुडबुडे काढीत चालणारे आमिषही उपयोगी पडते. कोणतेही आमिष एकसारखे ओढीत राहू नये. दोन-तीन वेढे ओढावे, थांबावे, पुन्हा ओढावे. पुष्कळदा झडप त्या थांबण्याच्या क्षणीच येते.

पावसाळ्यातील गढूळ पाण्यात माशाला डोळ्यांचा उपयोग थोडा. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंस जी रेषा असते, तिच्या साहाय्याने तो पाण्यातील कंप ओळखतो. अशा वेळी रंगाची चिकित्सा करण्यापेक्षा रुंद डुलणारे किंवा पोटात खुळखुळणाऱ्या गोळ्या असलेले आमिष निवडणे शहाणपणाचे.

आता आमिष जुळविण्याविषयी. नवे आमिष प्रथम काठाजवळच्या स्वच्छ पाण्यात ओढून पाहावे. ते सरळ न येता तुमच्या डाव्या हाताकडे झुकत असेल, तर जिथे दोरी बांधतो ती कडी पकडीने किंचित उजवीकडे वाकवावी. उजवीकडे झुकत असेल तर डावीकडे. केसभर वाकवावी आणि पुन्हा ओढून पाहावे. एकदम जोर केल्यास कडी निखळते. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहावे. नखात अडकले तर धार आहे, घसरले तर कानस चालवावी. बारीक गळ बदलून जाड बसविले, की आमिषाचे वजन वाढते आणि तरंगणारे आमिष बुडू लागते. म्हणून गळ बदलल्यावर ते बादलीतील पाण्यात सोडून तपासावे.

बादलीत पाणी मात्र ज्या जागी गरवावयाचे तेथलेच घ्यावे. गोड्या पाण्यात अधांतरी राहणारे 20 ग्रॅमचे आमिष समुद्राच्या पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम अधिक उचलले जाते, कारण खारे पाणी जड असते. मे महिन्यात आपल्या खाडीचे पाणी खारट, तर भर पावसात तेच जवळजवळ गोडे होते. उन्हाळ्यात नीट चालणारे आमिष जुलैत बुडते, ते ह्यामुळे. त्यात आमिषाचा दोष नसतो. पोटाखाली शिशाच्या तारेचा लहानसा वेढा घालून अथवा काढून हे जुळविता येते. विज्ञानाच्या शिक्षकांना आर्किमिडीजचा सिद्धांत शिकविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

दोरीविषयी दोन गोष्टी. तंगुसाची दोरी ताणली जाते, म्हणून ती अचानक बसलेला हिसका सोसते. पण दूरच्या माशाची चाहूल हाताला उशिरा पोचते. विणलेली दोरी जवळजवळ ताणत नाही, बारीक असून बळकट असते. मात्र दगडावर घासली की झटकन तुटते. चोणाकाच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड धारदार असते, हे ज्याने तो साफ केला आहे त्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून मुख्य दोरी कोणतीही असो, तिच्या टोकाला हातभर तरी जाड तंगूस जोडलाच पाहिजे. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तेथेच कमकुवत होतो. आमिषाला फास सैल राहील अशी गाठ मारल्यास ते मोकळेपणाने डुलते.

चकरीचा ब्रेक अंदाजाने आवळू नये. दोरीचे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून काठी वाकवून ओढावे. दोरी 10 किलो सोसणारी असेल, तर काटा अडीच ते तीन किलो दाखवीत असताना चकरी सुटली पाहिजे. शिवाय, मासा दोरी घेऊन पळाला आणि चकरीवरील गुंडाळीचा व्यास निम्मा झाला, की तोच ब्रेक दुप्पट ओढ धरतो. अशा वेळी घाबरून ब्रेक आणखी आवळणारा मासाही गमावतो आणि आमिषही.

ही विद्या परदेशातील मोठ्या कारखान्यांत जन्मली, असा समज आहे. तो खरा नाही. फिनलंडमधील लाउरी रापाला नावाच्या एका गरीब मच्छीमाराने 1936 साली चांभाराच्या सुरीने बूच कोरून, त्यावर चॉकलेटचा चकचकीत कागद चिकटवून पहिले आमिष तयार केले. जखमी मासा कसा डुलतो हे त्याने होडीतून निरखिले होते. आपल्याकडे पांगाऱ्याचे हलके लाकूड आहे, कोरणारे कुशल हात आहेत आणि निरखण्यासाठी खाडी दाराशी आहे. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. चोणाक आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे सर्वांत मोठा मासा बहुधा अंड्यांनी भरणारी मादी असते, आणि तिच्या पोटात लाखो अंडी असतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने 1997 साली ह्या माशाचे नियंत्रित प्रजनन भारतात प्रथम यशस्वी केले, तरी खाडीतील चोणाकाची जागा टाकी घेऊ शकत नाही. 1 जून ते 31 जुलै ह्या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. काठावरून गरवणाऱ्याने ह्या काळातला संयम स्वतःच पाळावयाचा आहे. ज्याचे पोट मासळीवर आहे, त्याला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. परंतु जो हौसेखातर गरवतो, त्याने गळाचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावे, मोठा मासा ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन पाण्यात परत सोडावा.

तुटलेली दोरी काठावर टाकू नये. ती कुजत नाही. बगळ्यांच्या पायांत आणि पाणमांजरांच्या गळ्यात अडकते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेव्हा तेथे पाण्यात उतरून गरवू नये, हेही मुलांना बजावून सांगावे.

मानशी ज्यांनी बांधल्या, त्यांनी भरती-ओहोटीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. नवी काठी हाती घेणाऱ्या तरुणांनी तो हिशेब वडीलधाऱ्यांकडून शिकून घ्यावा, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना बांधावर जागा द्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.