कुशल हात कोठून येणार?

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मी इतिहास शिकविणारा शिक्षक. संगणकाच्या विषयावर मी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एकाच आठवड्यात माझे दोन माजी विद्यार्थी घरी येऊन गेले. त्यांचे बोलणे मनातून जात नाही, म्हणून ते आपणांपुढे ठेवतो.

पहिला येथेच सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय करतो. तो म्हणाला, "सर, कामे आहेत, पण माणसे मिळत नाहीत." दुसरा पदवीधर आहे. वडिलांनी कर्ज काढून त्यास शिकविले. तो म्हणाला, "सर, वर्षभर मुलाखती देतोय, कोणी घेत नाही." दोघेही आपल्याच शाळेत, एकाच वर्गात बसलेले! एकाकडे रिकामी जागा, दुसऱ्याकडे रिकामे हात. मग मध्ये आडवे येते ते काय?

पहिल्याने सारे उलगडून सांगितले. दोन जागांची जाहिरात दिली, तर अर्जांचा ढीग पडला. प्रत्येक अर्जावर चांगले गुण आणि चार-पाच प्रमाणपत्रे. पण मुलाखतीत दहा-बारा ओळींचा प्रोग्राम पुढे ठेवून 'यात एक चूक आहे, शोधा' म्हटले, की बहुतेक गप्प. व्याख्या मात्र तोंडपाठ! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. गुणपत्रिकेवरून कसब ओळखता येत नाही, ही नेमणाऱ्याची पहिली अडचण. खरोखर हुशार असतो त्याच्या हाती एकाच वेळी तीन ठिकाणची नेमणूकपत्रे असतात. तो होकार देतो आणि रुजू होण्याच्या दिवशी येतच नाही. ही दुसरी. आणि वर्षभर शिकवून तयार केलेला मुलगा पुण्याच्या हिंजवडीत नाहीतर बंगळूरला जादा पगारावर निघून जातो, ही तिसरी. मोठी कंपनी मुलांना काही महिने नुसते शिकण्यासाठी पगार देऊ शकते. चार माणसांच्या कचेरीला ते कसे परवडावे?

बंधूंनो, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आणि हा प्रश्न आपल्या कोल्हापुराला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. पण हुकूम काढल्याने जागा निर्माण होते. माणूस निर्माण होत नाही. म्हणून महाराजांनी एकामागून एक वसतिगृहे उभी केली. आपल्या समाजासाठी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, ती याच धोरणातून. योग्य माणसे मिळत नाहीत म्हणून ते तक्रार करीत बसले नाहीत, ती घडविली.

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले. महंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्यांच्या निधनानंतर १९६६ साली एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी कारभार हाती घेतला, आणि पुढे त्याच विप्रोने संगणकाच्या धंद्यात नाव कमावले. इंजिनियर पुरेसे मिळत नाहीत, तेव्हा या कंपनीने साधी बी. एस्सी. झालेली मुले घेतली, नोकरी करता करता त्यांना पिलानीच्या बिट्स संस्थेकडून पुढची पदवी मिळण्याची सोय केली. तयार माणूस शोधण्यापेक्षा घडविण्याचाच हा मार्ग.

कसब कसे घडते, हे शिवाजी उद्यमनगरातील मिस्त्री मंडळींना विचारा. लेथ मशीनचे पुस्तक पाठ करून कोणी टर्नर होत नाही. जॉब बिघडतो, उस्ताद बोलतो, पुन्हा जॉब लावावा लागतो. प्रोग्रामचेही तसेच. तो पहिल्या खेपेस बहुधा चालत नाही. का चालत नाही हे शोधण्यातच खरी विद्या आहे. आता तर साधासुधा प्रोग्राम यंत्रच लिहून देते. म्हणजे चूक ओळखणाऱ्याची किंमत वाढली, पाठांतर करणाऱ्याची आणखी घसरली.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. तो दुसरा मुलगा निघताना म्हणाला, "सर, चुकायची भीती वाटते." ती भीती त्याच्या मनात कोणी घातली? मीच. फळ्यावर उत्तरे लिहून दिली, जशीच्या तशी उतरविणाऱ्यास पूर्ण गुण दिले, वेगळे लिहिणाऱ्यास लाल रेघ मारली. नोकरी देणाऱ्याला बोल लावण्याआधी हा दोष मी माझ्या पदरात घेतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. 'तीन महिन्यांत नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासात घरचे दागिने मोडून पैसे भरू नका. पी हळद आणि हो गोरी, असे येथे होत नाही. मुलाने स्वतः काय तयार केले, ते त्याला दाखवावयास सांगा. मुलीची बुद्धी या कामात तसूभरही कमी नाही. तिला पुण्यास पाठविण्याचा धीर नसेल, तर कोल्हापुरातल्या कचेरीत तरी जाऊ द्या. माणसे मिळत नाहीत म्हणणाऱ्या व्यावसायिकांनी सुट्टीत दोन-दोन मुले आपल्या हाताखाली घ्यावीत. आणि विद्यार्थी मित्रहो, एक वही चुकांची ठेवा: आज काय चुकले, का चुकले, कसे सुधारले. मुलाखतीत ही वही तुमच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

माझे ते दोन विद्यार्थी आता रविवारी एकत्र बसतात. एक शिकवितो, दुसरा चुकतो आणि पुन्हा करतो. नोकरी अजून लागलेली नाही, पण परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, काल एक चूक मी स्वतः शोधली." मला त्याच्या पदवीपेक्षा या वाक्याचा अधिक आनंद झाला.