तोंडाचा कर्करोग आणि आपली जनुके



तोंडाचा कर्करोग झाला की वस्तीत म्हणतात, नशिबात होते, नाहीतर घराण्यातच आहे. नशीब आम्ही मानत नाही. रोग जनुकांचा आहे हे खरे. पण ती जनुके बहुधा आईबापाकडून बिघडून येत नाहीत. ती गालाच्या पेशीत, आपल्याच हयातीत बिघडतात.

तंबाखू-चुना गालात धरला की त्यातील नायट्रोसामाइन द्रव्यांमुळे पेशीतील डीएनएला इजा होते. सतराव्या गुणसूत्रावर टीपी-५३ हे जनुक आहे. ते पेशीचे राखणदार. बिघडलेल्या पेशीला थांबवते, नाहीतर संपवते. राखणदारच पडला की चुका साचत जातात. एका चुकीने कर्करोग होत नाही, वर्षे लागतात. पांढरा चट्टा दिसतो तो याच मधल्या काळात, आणि व्यसन सोडल्यास काही वेळा तो मागेही फिरतो.

२०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी गाल-हिरडीच्या कर्करोगातील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टीपी-५३ सोबत कॅस्पेस-८, नॉच-१ ही जनुकेही बिघडलेली आढळली.

नुसती सुपारीही निर्दोष नाही; २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला कर्करोगकारक ठरविले. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पुडी कुठे मिळते, हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे!

पाचव्या शीलात तंबाखू येते की नाही, यावर आपल्याकडे वाद होतात. पेशीला तो वाद कळत नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा कमी उघडणारे तोंड डॉक्टरांना दाखवावे.