बुडालेला रोज कुणी भरून द्यायचा?

आज तुम्हाला एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहे. त्याचा खेळ आपल्या गावात कुणी खेळत नाही. रग्बी त्याचं नाव. अंड्यासारखा लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी कबड्डीसारखी पकड करून पाडायचं, असा हा खेळ.

खेळाडूचं नाव टॉम एलिसन. न्यूझीलंडमध्ये ओटाकू या समुद्रकाठच्या गावात १८६७च्या सुमारास तो जन्मला. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. शिकून पुढे वकील झाला. माओरींमधल्या पहिल्या काही वकिलांत त्याचं नाव घेतात.

१८८८ साली २६ जणांचा संघ बोटीने इंग्लंडला निघाला. बहुतेक माओरीच, त्यात टॉमही. वर्षाहून अधिक काळ चाललेल्या त्या दौऱ्यात संघ १०७ सामने खेळला आणि ७८ जिंकला. अंग दुखतंय म्हणून बसायला सवडच नव्हती.

१८८९च्या फेब्रुवारीत इंग्लंडशी सामना झाला. टॉमने स्टॉडार्ट नावाच्या इंग्रज खेळाडूला पकडलं, तशी त्याची चड्डीच फाटली! भर मैदानात त्याची लाज जाऊ नये म्हणून माओरी पोरांनी त्याच्याभोवती कडं केलं. तेवढ्यात दुसऱ्या इंग्रज खेळाडूने चेंडू उचलला, पळत सुटला आणि गुण मिळवले. पंचांनी ते मान्य केले. पंच कोण, तर इंग्लंडच्या रग्बी संघटनेचेच सचिव! चिडून काही माओरी खेळाडू मैदान सोडून गेले, मग परत आले आणि हरले. वर संघटनेने त्यांनाच माफी मागायला लावली.

टॉम खचला नाही. १८९३ साली न्यूझीलंडच्या पहिल्या अधिकृत संघाचा तो कर्णधार झाला. काळा सदरा आणि त्यावर नेच्याचं रुपेरी पान, हा पोशाख त्यानेच सुचवला. तेच पान आज तिथल्या महिला संघाच्या छातीवरही आहे. आणि त्याच वर्षी न्यूझीलंडच्या बायकांना, माओरी बायकांनासुद्धा, मतदानाचा हक्क मिळाला.

मला मात्र त्याची वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. तो म्हणायचा, लांबच्या दौऱ्यावर जाणाऱ्या खेळाडूचा बुडालेला रोज भरून द्या. तेव्हा पैशासाठी खेळणं हलकं समजत. पण ज्याच्या घरी पैसा आहे त्याला फुकट खेळणं परवडतं. मजुराने काय करावं? इंग्लंडमधले खाणकामगार, गिरणी कामगारही तेच विचारत होते. संघटनेने नकार दिला, म्हणून १८९५ मध्ये उत्तरेकडच्या क्लबांनी हडर्सफील्ड गावात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली.

टॉम १९०४ साली गेला, चाळिशीही न गाठता. त्याचा प्रश्न आपल्या दारात उभाच आहे. प्रशिक्षणाला, ग्रामसभेला, बँकेत कोण जातं? जिला रोज बुडवणं परवडतं ती. मजुरीला जाणारी मागे राहते आणि आपण म्हणतो, तिला आवडच नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या कामासाठी जाणारीचं गाडीभाडं आणि बुडालेला रोज यावर चर्चा करा. सगळ्यांच्या संमतीने काय ठरेल ते ठरावाच्या वहीत लिहा. हे उपकार नव्हेत, तिच्या कामाचा हिशेब आहे.