भाग ३४ : गॅलरीतलं वर्कशॉप, दहा हजारांचं बजेट आणि एक व्ही-ब्लॉक

(ऑडिओवरून उतरवलेला मजकूर. दोन-तीन ठिकाणी कुकरची शिट्टी आहे ती काढली आहे.)

मागच्या भागानंतर एका मित्राचा मेसेज आला. म्हणाला, तू सारखं 'घरी काहीतरी बनवा, घरी काहीतरी बनवा' म्हणतोस, पण यूट्यूबवर बघितलं की प्रत्येकाकडे दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज असतं. मी कुर्ल्याला दहा बाय बाराच्या खोलीत राहतो, मी काय करू?

रास्त प्रश्न आहे. मुळात आपल्याकडे गॅरेज म्हणजे काय, तर रिक्षाचं क्लचवायर बदलतात ते. घराला चिकटून गॅरेज असतं हे मला कॉलेजात कळलं, तेही कुठलीतरी कंपनी गॅरेजमध्ये सुरू झाली ही गोष्ट ऐकून. मी भांडुप पश्चिमेला राहतो, वन बीएचके, तिसरा मजला. आई, बाबा, मी. माझं वर्कशॉप आहे गॅलरीत. नऊ फूट बाय साडेतीन फूट. त्यातलं अर्धं आईच्या तुळशीचं आणि वाळत घातलेल्या कपड्यांचं. म्हणजे साधारण साडेचार फूट लांबी माझी. आजचा भाग त्याच्याबद्दल.

आधी जागेच्या रडगाण्यावर एक गोष्ट. कांदिवलीच्या चारकोपमधले कॅप्टन अमोल यादव तुम्हाला माहीत असतील. पेशाने वैमानिक. त्यांनी कुटुंबाच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. विमान! लेथ, वेल्डिंगचं मशीन, इंजिन, सगळं अरुंद जिन्यावरून वर चढवलं. आधीचे प्रयत्न फसले होते, तरी सोडलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीला 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते विमान क्रेनने खाली उतरवून तिथे ठेवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली. हे ऐकून लगेच गच्चीवर जाऊ नका हं. त्यांची इमारत घरची होती. तुमच्या-माझ्या सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते, तिथे टेबल मांडलंत तर पुढच्या एजीएमचा पहिला विषय तुम्हीच.

मला त्याहून जवळचं उदाहरण वाटतं दादासाहेब फाळक्यांचं. १९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरातच सगळा पसारा मांडला. तेव्हा फिल्मच्या कडेची भोकंसुद्धा आपली आपण पाडावी लागायची. अंधारात. ते काम सरस्वतीबाई करायच्या, फिल्म धुण्याचंही काम त्या शिकल्या. पैसेवाल्याला पटवायला फाळक्यांनी काय दाखवलं, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना, थोड्या-थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेऊन केलेली छोटीशी फिल्म. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला, तो असल्या घरातून. घरातलं वर्कशॉप घरच्यांच्या जागेत आणि घरच्यांच्या झोपेत होतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता माझी गोष्ट. जरा लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

माझे बाबा फिटर होते. मुलुंडच्या आयटीआयमधून शिकलेले. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं काम केलं, मग कारखाना बंद झाला. त्या रस्त्याला आज जिथे टॉवर दिसतात ना, तिथे एकेकाळी भोंगे वाजायचे. भांडुपमधल्या निम्म्या घरांत ही गोष्ट सापडेल. बाबांनी नंतर बरीच वर्षं सिक्युरिटीत काढली. त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

सात वर्षांपूर्वी, मला नुकतीच नोकरी लागली होती, गणपतीच्या आधीची साफसफाई. मी माळ्यावर चढलो. पेटी गंजलेली, झाकण उघडत नव्हतं. खाली भंगारवाला आलेला. मी बाबांना विचारलं, 'देऊ का?' ते पेपर वाचत होते. म्हणाले, 'तुला काय करायचं ते कर.' मी 'हो' समजलो. अकरा किलो भरलं, बावीस रुपये किलोने दोनशे बेचाळीस रुपये. आईने वरच्या वर एक पिशवी काढून ठेवली होती, तेवढी वाचली. त्यात दोन कानशी, एक गुण्या, सेंटर पंच आणि हातोडी.

दोन वर्षांपूर्वी मला छंद लागला. दिवसभर स्क्रीनवर काम करतो, संध्याकाळी हातात काही धरता येईल असं केलेलं नसतं. ठरवलं, दहा हजारांत वर्कशॉप. आणि कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्यासारखी सुरुवात चुकीच्या टोकापासून केली. सेल लागला म्हणून आधी अँगल ग्राइंडर मागवला. सतराशे रुपये. पहिल्याच शनिवारी गॅलरीत लोखंडी पट्टी कापायला घेतली. ठिणग्या काय मस्त उडतात! त्या खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर उडाल्या. चाळणी. सहाशे रुपये भरून दिले, वर आईचं बोलणं वेगळं. पडदा असता, आतमध्ये गादी असती, तर सहाशेवर भागलं नसतं. ग्राइंडर मित्राला देऊन टाकला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : फ्लॅटमध्ये ग्राइंडर आणि वेल्डिंग नको. विषय संपला. कापायचं असेल तर पट्टीवर खूण करून खाली गाळ्यात जायचं. भांडुपमध्ये, घाटकोपरमध्ये, कुठेही, फॅब्रिकेशनचे गाळे आहेत. चहाच्या पैशांत एक कट मारून देतात, आणि आपल्यापेक्षा सरळ मारतात.

मग काय आधी घ्यायचं? हत्यार नाही. इलेक्ट्रिशियन.

हे कंटाळवाणं वाटेल, पण फॉरवर्ड करू नका. आमच्या गॅलरीतल्या सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती. म्हणजे अर्थिंग नुसतं दाखवायला. जुन्या बिल्डिंगमध्ये हे सर्रास असतं. आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने मीटरमागून अर्थची वायर ओढली आणि गॅलरीच्या लाइनवर एक आरसीसीबी बसवला, तीस मिलिअँपिअरचा. आरसीसीबी काय करतो, तर फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा हिशेब ठेवतो. मधेच कुठे गळती झाली, समजा तुमच्या अंगातून, तर लगेच लाइन तोडतो. नेहमीचा एमसीबी हे काम करत नाही, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट बघतो. मजुरी धरून सव्वीसशे रुपये गेले. माझ्या बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा हाच, आणि त्याने एकही वस्तू बनत नाही. तरी आधी हाच खर्च. स्वतः वायरिंग उघडू नका, प्लीज.

लोडचं गणित सोपं आहे. साधा सहा अँपिअरचा सॉकेट, २३० व्होल्ट, गुणाकार १३८० वॅट. घरगुती ड्रिल साधारण सहाशे वॅटच्या आसपास असतं, आरामात चालतं. एकाच एक्स्टेन्शनवर ड्रिल आणि इस्त्री लावू नका म्हणजे झालं.

टेबल. स्लॉटेड अँगल माहीत आहे ना? किराणा दुकानाच्या रॅकला असतात ते भोकं-भोकंवाले. ते आणि नटबोल्ट साडेअकराशेत आले. वरची फळी फुकट, शेजाऱ्यांनी जुना दिवाण मोडला त्याचं १९ मिलिमीटरचं प्लाय. दोन तुकडे एकमेकांवर फेविकॉल लावून, स्क्रू मारून चिकटवले, चार फूट बाय दीड फूट. जाड फळी लागतेच, पातळ असली की हातोडी मारल्यावर उडी मारते. पहिल्या दिवशी टेबल असं डुलत होतं की बोट बरी. बाबा दारात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर मागच्या बाजूला कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी पट्टी बोल्टने लावलेली. टेबल हलेना. चौकोन सरकतो, त्रिकोण सरकत नाही. मी बीटेकला हे शिकून पेपरात लिहिलं होतं.

मग बाबा आणि मी एका रविवारी नागदेवी स्ट्रीट पालथी घातली आणि तिथून चोरबाजार. (नागदेवीची घाऊक दुकानं रविवारी बंद असतात हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. तुम्ही शनिवारी जा.) चोरबाजारात जुना चार इंची व्हाइस मिळाला, साडेसातशेला. दुकानदार अकराशे म्हणत होता. बाबांनी जबडे बंद केले, उजेडासमोर धरले, मधली फट बघितली. मग हँडल फिरवून जबडा हाताने वर-खाली हलवून बघितला. जुना व्हाइस घेताना हेच बघायचं : जबडे समांतर मिटतात का, आणि सरकणारा भाग किती खुळखुळतो. रंग उडालाय, गंज आहे, ते सोडा. गंज निघतो, बीडाला गेलेला तडा निघत नाही. व्हाइस टेबलावर असा बसवायचा की जबड्याचा वरचा काठ तुमच्या कोपराच्या उंचीला येईल. खाली बसवलात तर तासाभरात पाठ बोलते.

बाकी ड्रिल एकोणीसशे पन्नास, बिट्स, दोन जी-क्लॅम्प, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, गॉगल आणि मास्क. सगळं मिळून ८,३४०. ग्राइंडर आणि चादर धरली तर १०,६४०. बजेट हुकलं.

आता मुद्द्यावर येतो. मला मोबाइलसाठी स्लायडर बनवायचा होता, व्हिडिओ काढायला. स्टीलच्या गोल रॉडला आरपार भोक पाडायचं होतं, बरोबर मधोमध. गोल रॉडवर बिट टेकवलं की ते घसरतं. मी दोन बिट मोडले, तिसरं घसरून अंगठ्याच्या बाजूला लागलं. फार नाही, पण रक्त आलं. बाबा आले, रॉड हातात घेतला, म्हणाले, 'आधी पंच मार. आणि असा नुसता नाही धरायचा, व्ही-ब्लॉकवर...' आणि थांबले.

व्ही-ब्लॉक म्हणजे लोखंडाचा ठोकळा, वर व्हीच्या आकाराची खाच. गोल वस्तू त्यात बसते, फिरत नाही. मी विचारलं, कुठे मिळतो? बाबा म्हणाले, 'होता एक. आयटीआयला असताना कानशीने केलेला.' मी पुढे विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. अकरा किलोत तो होता.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते बँडेडचा डबा शोधायला गेले.

मी नंतर त्या भंगारवाल्याला गाठलं. तो हसला. सात वर्षांपूर्वीचं लोखंड आतापर्यंत वितळून कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई झालं असेल. तरी मी दोन शनिवार कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांतून फिरलो. व्ही-ब्लॉक मिळाले, कारखान्यात बनलेले, चांगले. एक घेतलाही. बाबांनी बघितला, म्हणाले चांगला आहे. वापरतोही मी तो.

पण मग एक दिवस मीच गाळ्यातून माइल्ड स्टीलचा ठोकळा कापून आणला आणि म्हटलं, मला शिकवा. तेव्हापासून दर शनिवारी आमचं तेच चाललंय. मला वाटलं होतं कानस म्हणजे घासायचं. बाबा म्हणतात, 'अरे, भांडी घासतोयस का? पुढे जाताना दाब, येताना सोड.' कानशीचे दात एकाच दिशेला कापतात, परत येताना दाबलं की दातच जातात. कानशीला तेल लावायचं नाही, खडू चोळायचा, म्हणजे लोखंडाचा चुरा दातांत अडकत नाही. आणि कानशी एकमेकींवर टाकायच्या नाहीत, टांगायच्या. पावसाळ्यात बाकी सगळ्या हत्यारांवर मशीन ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर मुंबईच्या हवेत आठवड्यात तांबडी होतात. कानशी मात्र बिस्किटाच्या डब्यात, बरोबर बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या.

वेळेचंही सांगतो. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. पण कायद्यावर घर चालत नाही. आमच्याकडे ठरलंय : दुपारी दोन ते चार काही नाही, कारण खालच्या काकू झोपतात. सकाळी गॅलरी आईची, कपडे वाळले की माझी. शनिवारी चार ते आठ. काम झालं की चुरा मीच झाडायचा, कारण एकदा तो आईच्या पायात गेला होता आणि त्यानंतर वर्कशॉप पंधरा दिवस बंद होतं. सेक्रेटरींनी एकदा वर येऊन बघून घेतलं, बाबांशी अर्धा तास कारखान्याच्या गप्पा मारल्या आणि जाताना स्वतःच्या पंख्याचा रेग्युलेटर ठेवून गेले. दुरुस्तीला.

ज्यांच्याकडे गॅलरीही नाही, त्या कुर्ल्याच्या मित्रासाठी : पाटावर व्हाइस बसव. जाड लाकडी पाट, वर व्हाइस बोल्टने, काम करताना जी-क्लॅम्पने ओट्याला आवळायचा, झालं की पलंगाखाली. सोल्डरिंग खिडकीजवळ कर, धूर नाकात नको. लिथियमच्या बॅटऱ्या रात्री चार्जिंगला लावून झोपू नकोस, दहा बाय बाराच्या खोलीत पळायला जागा नसते. आणि मोठं काही करायचं असेल तर महाराष्ट्रात शिकायच्या जागा आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब झाल्या, त्यांतली एक २००२ मध्ये तिथे झाली. गावात.

व्ही-ब्लॉकचं म्हणाल तर अजून झालेला नाही. पाच महिने झाले. खाच झाली आहे, पण बाबा गुण्या लावतात, खिडकीसमोर धरतात, आणि डाव्या बाजूने उजेड दिसतो. मला केसाएवढा वाटतो, त्यांना दार उघडं दिसतं. मागच्या शनिवारी म्हणाले, 'अजून दोन शनिवार.' हे ते जूनपासून म्हणतायत.

बरं, पावणेचार झालेत. चारला काकू उठतात आणि मला ड्रिल काढायचंय. पुढच्या भागात सेक्रेटरींचा रेग्युलेटर उघडू, आत काय जळलंय ते बघू. तुमचे प्रश्न पाठवा, टेबलाचे फोटो पाठवा. भेटू.