कुमारवयीन मुले आणि गुप्तरोग : ग्रामशिक्षकाचे कर्तव्य

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



खेड्यातील शिक्षक हा केवळ वर्गात शिकविणारा मनुष्य नसतो. तलाठ्याकडे करावयाचा अर्ज, बँकेतून आलेली नोटीस, दवाखान्यातील चिठ्ठी ही सारी वाचून दाखवावी ती त्यानेच. सोयरीक जुळविताना त्याचा सल्ला घेतला जातो, भावाभावांच्या वाटणीत त्याचा शब्द मानला जातो. अशा या शिक्षकाला गावाने एक विषय मात्र कधी विचारलेला नाही, व त्यानेही तो आपण होऊन काढलेला नाही. लैंगिक संबंधातून पसरणारे रोग, ज्यांना जनभाषेत गुप्तरोग म्हणतात, तोच हा विषय होय. वास्तविक रोग हा रोगच असतो; त्यास गुप्त करतो तो मनुष्य. आणि जो रोग झाकला जातो तो वाढतो, हा निसर्गाचा नियम आहे.

हे रोग महाराष्ट्राला नवे नाहीत. पोर्तुगीज लोक हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर जो एक भयंकर व्रणरोग पसरला, त्यास सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंगरोग' असे नाव दिलेले आढळते. त्यालाच पुढे लोक गरमी म्हणू लागले. वैद्यकीय परिभाषेत तो सिफिलिस. लघवीला आग होऊन पू जाणारा परमा म्हणजे गनोरिया. जांघेत उठणाऱ्या गाठीला बद म्हणत. शब्द होते, याचा अर्थ रोग होता. नव्हते ते बोलण्याचे धैर्य.

ते धैर्य प्रथम दाखविले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. अश्लीलतेचा आरोप ठेवून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटल्यात यश आले नाही, तथापि मासिक बंद पडले नाही. ज्या भाषेत हे कार्य इतक्या वर्षांपूर्वी होऊ शकले, त्या भाषेत आज शिक्षकाला शब्द सापडू नयेत, हे योग्य नव्हे.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानी यावे म्हणून एका मुलाची कल्पना करावी. सातवीपर्यंत तो शाळेत नियमित येत होता. पुढे दसरा-दिवाळी उलटल्यावर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊ लागला. सतरा-अठराव्या वर्षी सोबत्यांच्या संगतीने एकदा त्याचा पाय घसरला. तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर एक फोड उठला. तो दुखत नव्हता. तरीही मुलगा घाबरला. बापाला सांगणे शक्य नव्हते, दवाखान्यात जाण्याची लाज वाटली. बसस्थानकाच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' अशी पाटी त्याने वाचली होती. वाचावयास तर शाळेनेच शिकविले होते. उचलीतील पैसे मोडून त्याने पुड्या घेतल्या. महिन्याभरात फोड नाहीसा झाला आणि वैद्याचा गुण आला असे त्याने मानले.

येथेच खरी मेख आहे. गरमीचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही, आणि औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. पुडीने काहीही केलेले नसते. व्रण जातो, रोग रक्तात राहतो. पुढे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तळहातांवर व तळपायांवर पुरळ उठतो, तोही मावळतो. त्यानंतर रोग वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो व कित्येकांच्या बाबतीत अखेर हृदयावर अथवा मेंदूवर घाला घालतो. मध्यंतरी या मुलाचे लग्न होते. नवी सून गरोदर राहते आणि मूल मृत जन्मते. गाव दोष देते सुनेला.

हे सर्व टाळता आले असते. गरमीचा सूक्ष्म जंतू १९०५ मध्ये जर्मनीत शाउडिन व हॉफमन यांनी शोधला. १९४३ मध्ये पेनिसिलीनने हा रोग बरा होतो हे सिद्ध झाले आणि आजही तेच त्याचे मुख्य औषध आहे. आरंभीच्या अवस्थेत योग्य मात्रेचे एक इंजेक्शन पुरते. गरोदर स्त्रीच्या रक्ताची वेळीच तपासणी व उपचार झाल्यास पोटातील मूलही वाचते. एवढे सोपे औषध असता मुले दगावतात, ती केवळ मौनामुळे.

या रोगांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. गरमी, परमा, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास हे चार पूर्ण बरे होणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या चार रोगांची १५ ते ४९ वयोगटात जगात दररोज दहा लाखांहून अधिक नवी लागण होते. दुसरा वर्ग विषाणूंचा : हिपॅटायटिस बी, नागीणसदृश हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही. यांतील काहींवर पूर्ण इलाज नसला तरी उपाय आहेत. एचआयव्हीवरील औषधे भारत सरकार २००४ पासून विनामूल्य देत आहे. ती नियमित घेणारा मनुष्य दीर्घकाळ निरोगी माणसाप्रमाणे कामकाज करतो. हिपॅटायटिस बीची लस तान्ह्या बाळांना दिली जाते. एचपीव्ही या विषाणूमुळे स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. त्यावरची लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयुक्त ठरते, आणि अशी एक भारतीय लस पुण्यात तयार होते. हे वय म्हणजे पाचवी ते आठवीचे, अर्थात प्राथमिक शिक्षकाच्या डोळ्यांसमोरचे होय.

कुमारवयात धोका अधिक का, हेही समजून घेतले पाहिजे. मुलींच्या गर्भाशयमुखाची वाढ या वयात पूर्ण झालेली नसते, त्यामुळे जंतूंचा शिरकाव सुलभ होतो. मुलींना पुष्कळदा कोणतेही लक्षण जाणवत नाही. परमा व क्लॅमिडिया निमूटपणे गर्भनलिकांपर्यंत पोहोचतात व त्या बंद करतात. पुढे जिला वांझ म्हणून हिणविले जाते, तिच्या दुःखाचे मूळ कित्येकदा अशा उपचार न झालेल्या रोगात असते. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहेच. शिवाय आरोग्याच्या दृष्टीनेही तो घात आहे.

गैरसमज तर अनेक आहेत. एका बाकावर बसणे, शाळेतील खिचडी एका पंगतीत खाणे, एका माठातील पाणी पिणे, डास चावणे यांनी एचआयव्ही होत नाही. उलट जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणाऱ्याकडून मात्र तो व हिपॅटायटिस बी होऊ शकतो. मनुष्य दिसावयास धट्टाकट्टा आहे म्हणजे निरोगी आहे, हाही भ्रम होय. कुमारी मुलीशी संबंध आल्यास गुप्तरोग बरा होतो, ही समजूत तर सर्वांत घातक. तिच्यापायी निष्पाप बालिका बळी पडतात. मुलांच्या मनात आणखी एक भीती घर करून असते. झोपेत वीर्यस्खलन होणे अथवा हस्तमैथुन हा रोग आहे, त्याने धातू क्षीण होतो, असे त्यांस वाटते. हा रोग नव्हे. ती वयात येण्याची स्वाभाविक बाब आहे. हे एक वाक्य शिक्षकाने शांतपणे सांगितले, तर भिंतीवरील पाट्यांचे अर्धे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल. मुलींच्या अंगावरून पांढरे जाणे हेही दर वेळी रोगाचे लक्षण नसते. मात्र त्यास दुर्गंधी, खाज अथवा वेगळा रंग असेल तर दाखविणे अगत्याचे.

आता शिक्षकाने करावे काय? सहावी-सातवीच्या मुलांपुढे या रोगांची भयंकर वर्णने करण्याची आवश्यकता नाही. शरीराच्या अवयवांची योग्य नावे, वयात येताना होणारे बदल, अंगाला कोणी कोठे हात लावू नये, आणि त्रास झाल्यास कोणास सांगावे, एवढा पाया प्रथम घालावा. मुलींशी शिक्षिकेने अथवा आरोग्यसेविकेने बोलावे. वर्गात नावाविना चिठ्ठ्या टाकण्याची पेटी ठेवल्यास जिभेवर न येणारे प्रश्न कागदावर येतात. मोठ्या मुलांना मात्र स्पष्ट सांगावे की संयम हे सर्वांत खात्रीचे रक्षण आहे. पुढील आयुष्यात निरोधचा योग्य वापर धोका पुष्कळ कमी करतो. औषध पूर्ण घ्यावे लागते, आणि जोडीदाराचाही उपचार झाला नाही तर रोग परत येतो. परम्याचे जंतू अर्धवट औषधांना दाद देईनासे होत चालले आहेत, यास्तव दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. एचआयव्हीची चाचणी शासकीय केंद्रांत विनामूल्य व गुप्तपणे होते. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती निर्दोष येऊ शकते, म्हणून सांगितल्याप्रमाणे पुन्हा करावी लागते. १०९७ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

एखादे मूल विश्वासाने जवळ आले, तर त्यास रागावू नये, व त्याची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येऊ नये. तथापि 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन आधीच देऊन बसू नये. लहान मुलास असा रोग झाल्याचे कळल्यास अत्याचाराची शंका घेणे भाग आहे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये असा अपराध कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि मुलाची ओळख उघड न करणे हेही तितकेच बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. म्हणून गावकीची बैठक भरविण्यात वेळ न दवडता मुलास रुग्णालयात न्यावे. तसेच एचआयव्हीबाधित मुलास शाळेतून काढणे वा वेगळे बसविणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पालक कुजबुजू लागले तर त्या मुलाशेजारी पंगतीस बसणारा पहिला मनुष्य शिक्षक असावा. याहून मोठा पाठ फळ्यावर लिहिता येत नाही.

ऊसतोडीला गेलेल्या त्या मुलाकडे पुन्हा वळावे. त्याच्यापाशी अक्षरज्ञान होते, पैसे होते, बरे होण्याची इच्छाही होती. सरकारी दवाखाना फार दूर नव्हता. त्याच्यापाशी नव्हते ते केवळ एक वाक्य : 'न दुखणारा फोड आपोआप बरा झाला, तरी रक्त तपासून घ्यावे, आणि लाज वाटली तर गुरुजींकडे यावे.' सातवीच्या वर्गात हे वाक्य उच्चारावयास अर्धे मिनिट पुरले असते. त्या अर्ध्या मिनिटावर एका मुलाचे आरोग्य, एका सुनेची अब्रू आणि एका अर्भकाचा जीव अवलंबून होता. येत्या सत्रात प्रत्येक शाळेने हे अर्धे मिनिट काढावे.